दुःखाचा अर्थ सांगण्याचा अधिकार

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे अगदी मोजकी. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात भरली. हिंदू, बौद्ध आणि मुसलमान या तीन मोठ्या समाजांपुढे इथली ख्रिस्ती मंडळी आकडेवारीच्या तळटिपेत मावेल एवढीच. पण मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांची पाळेमुळे बहुतांशी मांगवाड्यात आणि महारवाड्यात आहेत, आणि म्हणून निरपराधाच्या वाट्याला दुःख का येते, हा प्रश्न त्यांच्या घरात बायबलच्या कितीतरी आधी पोहोचलेला होता. बायबल मागाहून आले. आल्यावर त्याने या प्रश्नाला धार आणली की तो निजवला, याचा हिशेब घेतल्याशिवाय आजचे काही वाद उलगडत नाहीत. आणि हा हिशेब मिशनऱ्यांच्या जहाजांपासून धरून चालत नाही, तो कयाधूच्या काठापासून धरावा लागतो.

कयाधूकाठची नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाते, आणि औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी देव पिंडीपुरता नसतो हे त्यांना दाखवून दिल्याची कथा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आपल्या विषयाला त्याहून जवळची गोष्ट मंगळवेढ्याची आहे. नामदेवांना गुरू मानणारे चोखामेळा गावकुसाच्या बांधकामावर वेठीला असताना 1338 साली ती भिंत ढासळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडे कानाशी धरून ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी वेचली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या हाडांना देवळाच्या दाराशी जागा मिळाली. नामदेवांनी त्या मरणाचा खुलासा करत बसल्याचे परंपरा सांगत नाही. ते गेले, त्यांनी उकरले, ओळखले, उचलून आणले.

खुलासा मात्र चोखोबांच्या अभंगांत सापडतो, आणि तो वाचताना जीव कासावीस होतो. मागल्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून या जन्मी हे कूळ पदरी आले, असे सांगणारी रचना त्यांच्या नावावर आहे. त्याच घरातला त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो: आम्हांला असे जन्माला घालून तुला काय मिळाले, आणि असल्या जगण्यात तुझी कृपा ती कुठली. बाप आणि मुलगा एकाच छपराखाली, एकाच विठ्ठलाचे भक्त. दुःखाचे दोन अर्थ त्यांच्या मुखी आहेत. पहिला अर्थ गावाने त्यांच्यासाठी आधीच तयार करून ठेवलेला होता, दुसरा त्यांच्या अंगावरच्या वळांतून उमटलेला होता. पुढच्या सहाशे-सातशे वर्षांत या भूमीवर जे घडले त्याची बीजे मला या दोन अर्थांच्या भांडणात दिसतात.

ख्रिस्ती धर्मग्रंथातही हे दोन आवाज शेजारी आहेत, आणि त्यांतल्या कोणाच्या बाजूने ग्रंथ उभा राहतो हे विसरणे हीच ख्रिस्ती इतिहासातली वारंवार घडलेली चूक आहे. ईयोबाची मुले मेली, गुरेढोरे गेली, अंग फोडांनी भरले आणि तो राखेत बसला, तेव्हा त्याला भेटायला आलेले मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते. तेवढे त्यांचे बरोबर होते. मग ते बोलू लागले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने एकच सिद्ध केले, की तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असणार. ईयोब तक्रार करत राहिला, देवालाच न्यायासनासमोर बोलावत राहिला. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. आपल्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असा निवाडा होतो. देवाची बाजू घेऊन दुःखिताला दोषी ठरवणाऱ्यांना देवानेच नापास केले, ही गोष्ट धर्मग्रंथात इतक्या स्पष्टपणे लिहिलेली असूनही ती मंडळीच्या मनात फार काळ टिकत नाही.

दुसरा उतारा पेत्राच्या पहिल्या पत्रातला. अन्यायाने सोसावे लागणाऱ्या दुःखाविषयी नव्या करारात जे थेट विवेचन आहे, ते या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येते आणि ते घरगडी असलेल्या गुलामांना उद्देशून आहे: अपराध नसताना मार खाणाऱ्या माणसा, तुझ्याआधी ख्रिस्तानेही असाच मार खाल्ला आहे. ज्याच्या पाठीवर फटके आहेत त्याच्या कानात त्याच्याच बरोबरीच्याने हे सांगितले, तर त्यात विलक्षण आधार आहे. फटके मारणाऱ्याने किंवा त्याच्या पंगतीला बसणाऱ्याने सांगितले, तर तोच मजकूर साखळदंड होतो. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी शतकभर नेमके हेच केले. कृष्णवर्णीय विचारवंत हॉवर्ड थर्मन यांनी 1949 च्या आपल्या पुस्तकात आजीची हकीगत दिली आहे: गुलामीत वाढलेली ही बाई नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे वाचू देत नसे, कारण मालकाचा पाद्री गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हे सांगायला तीच पत्रे काढायचा. ग्रंथ तिने सोडला नाही. तो कोणाच्या तोंडून ऐकायचा हे तिने स्वतः ठरवले. अन्याय्य दुःखात अर्थ सापडतो का, याचे उत्तर माझ्या मते होय असे आहे, पण तो अर्थ काढण्याचा अधिकार सोसणाऱ्याचा आहे, आणि अन्यायाला अन्याय म्हटल्यानंतरच तो काढता येतो.

मराठीत ख्रिस्ताचे दुःख पहिल्यांदा विस्ताराने गायिले ते थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. 1616 साली रायतूरला छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे आणि मराठीवरचे त्याचे प्रेम आजही वाचकाला जिंकते. पण स्टीफन्स गोव्यात उतरला 1579 साली, आणि चारच वर्षांनी, 1583 च्या जुलैत, साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट मारले गेले. अकबराच्या दरबारी राहून आलेला रोदोल्फो आक्वाविवा त्यांतला एक. स्टीफन्सने त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात ही हकीगत कळवली. चर्चने या पाचांना हुतात्मे मानले आणि 1893 साली त्यांना ‘धन्य’ घोषित केले. मात्र त्या हत्येमागे पाडलेल्या देवळांचा संताप होता, आणि तिच्यानंतर पोर्तुगीज अंमलदारांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. नि:शस्त्र पाद्र्यांचे मरण अन्याय्य होते. शब्दावर विसंबून किल्ल्यात गेलेल्या गावकरांचे मरणही अन्याय्य होते. एका मरणाला लगेच अर्थ लाभला, दुसऱ्याला साधे स्मारक मिळायला चार शतकांहून अधिक काळ जावा लागला. ज्या सत्तेच्या बाजूला क्रूस उभा केलेला असतो, तिच्या हातून मेलेल्यांना क्रूसाचा अर्थ लागू करायला चर्च विसरते, हा धडा कुंकळ्ळीचा.

मराठवाड्याचा आणि ख्रिस्ती सत्तेचा संबंध आला तो निजामाच्या राज्यातल्या छावण्यांमधून. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. अंमलदार इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून, आणि तिजोरी भरायची ती रयतेच्या साऱ्यातून. या फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जात रुतत गेला आणि अखेर 1853 साली तिच्या पोषणासाठी वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावा लागला. हिंगोलीच्या कुणब्याने किंवा वेठबिगाराने ख्रिस्ती माणूस पहिल्यांदा पाहिला असेल तो या छावणीत, घोड्यावर. बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेल्या देवाशी त्या दृश्याचा काही संबंध लावणे त्याला शक्य नव्हते.

तो संबंध लावून दाखवला नारायण शेषाद्री यांनी. 1843 साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाच सनातन्यांचा रोष सोसावा लागला. एका पोराच्या आत्म्यावरून दोन्ही बाजू भांडत होत्या आणि त्या पोराला कोणी विचारले नव्हते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि दिवाण सालारजंगाच्या काळात निजामी राज्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवले. तिथे येऊन राहिलेली माणसे बहुतांशी आसपासच्या खेड्यांतल्या अस्पृश्य वस्त्यांतली होती. गावगाड्यातून उठून स्वतःच्या नावावर घर करण्याची शक्यता त्यांच्यापुढे आली, ती या श्रद्धेबरोबर. मिशनवर टीका करणाऱ्यांनी आणि मिशनची स्तुती गाणाऱ्यांनीही या जमिनीच्या तुकड्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. दुःखाचा अर्थ त्या माणसांना आधी मातीत सापडला असावा आणि मग उपदेशात, असे मला वाटते.

मग दुष्काळ आले. 1876 ते 78 चा, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. शेवटच्याने मराठवाडा होरपळून काढला. उपासमारीचा अर्थ सांगणारे चारी बाजूंनी उभे राहिले. कोणी कलियुगाकडे बोट दाखवले, कोणी कर्माकडे. सरकारी अहवालांनी पावसाकडे, जणू सारा आणि धान्याची निर्यात आकाशातून पडते. आणि मिशनच्या काही अहवालांनी या मरणाकडे पीक काढणीला आल्यासारखे पाहिले. भुकेल्या पोरांना जवळ घेणाऱ्या मिशनरी बायकांचे कष्ट खरे होते, त्यांतल्या काही त्याच साथींत मेल्या, आणि त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही उपाशी माणसाच्या भुकेत आपल्या धर्माची सरशी वाचणे ही ईयोबाच्या मित्रांचीच जात आहे.

या काळात एका बाईने तो अर्थ आपल्या हाती घेतला. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न, पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत अडकले. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की आधी दागिने गेले, मग चांदीची भांडी, मग रोजची तांब्याची, आणि त्या पैशांतला मोठा वाटा देव प्रसन्न व्हावा म्हणून दानधर्मात व अनुष्ठानांत गेला. भीक मागायची लाज, मजुरी करायची लाज. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर म्हाताऱ्या शास्त्र्याने पवित्र तीर्थात जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो आणि हमाली करतो. बाप त्या दिवशी वाचला, पण फार काळ नाही. त्याच्यामागून आई गेली, मग थोरली बहीण पटकीने गेली. दुःखाचा विचार करणाऱ्या मराठी लेखनात या प्रसंगाच्या तोडीचे मला फार थोडे दिसते, कारण त्यात तत्त्वज्ञान एका वाक्यात कोसळते आणि भाऊ बाजारात ओझे उचलायला उभा राहतो.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्यांच्याकडून घेतला त्यांनाही त्यांनी आपल्या दुःखाचा अर्थ सांगू दिला नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या चर्चच्या अधिकाराला ठामपणे नकार देतात: एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती विवेक सोपवायला आपण आलेलो नाही, हा त्यांचा आशय आहे. 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच त्या तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, पुढे तिथे माग चालले, छापखाना चालला. गुजरातच्या दुष्काळानंतर 1900 च्या सुमारास केडगावच्या या ‘मुक्ती’ सदनातल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. आपण रानात पाला का खाल्ला, याचे उत्तर त्यांना पुस्तकात मिळाले की नाही हे कोणी सांगावे; पण पाला खाल्लेल्या पोरीला दुरून ओळखणारी नजर त्यांना तिथेच मिळाली होती.

त्यांच्या चरित्रातले एक पान ख्रिस्ती वाचकही बहुधा उलटून पुढे जातात. 1897 साली पुण्यात प्लेग होता, बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत शिरत होते, आणि प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्राला उघड पत्र लिहिले. त्यांच्या आश्रयाला असलेली एक मुलगी त्या इस्पितळातून हरवली होती. राज्य स्वधर्मीयांचे होते, गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे नाकारले, आणि ‘धर्मांतरित’ म्हणून पुण्यातल्या सनातन्यांना आधीच नकोशी झालेली ही बाई आता राज्यकर्त्यांनाही अडचणीची झाली. श्रद्धेने सोशिकपणा येतो असे आपण सहज म्हणतो. रमाबाईंची श्रद्धा सोशीक होती ती स्वतःच्या दुःखाबाबत; दुसऱ्याच्या दुःखाबाबत ती फार असहिष्णु होती. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. मधल्या महिन्यांत बायबलच्या स्वतःच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीतच आहे. नवऱ्याने 1895 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आलेला दीर्घ विरह हा धर्माच्या नावाने एका बाईवर लादलेलाच होता, आणि 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या युक्तिवादाने हरून नव्हे, सोवळे-ओवळे आपल्याच हाताने तपासून. इथेही क्रम तोच: अर्थ उशिरा आला, पण स्वतःचा आला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती मंडळीला सर्वांत कठोर आणि सर्वांत उपयोगी प्रश्न विचारला तो ख्रिस्ती नसलेल्या माणसाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अस्पृश्यांतील धर्मांतरितांविषयीचे लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले. महाराष्ट्र शासनाने 1989 साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते आले. मिशनने शाळा आणि इस्पितळे दिली हे ते मान्य करतात. मग विचारतात: माणसाच्या अधोगतीचे कारण त्याचे पाप आहे असे शिकवणारा धर्म, ज्याची अधोगती दुसऱ्यांनी रचलेल्या समाजव्यवस्थेमुळे झाली त्या माणसाला काय सांगतो? त्याला पापक्षमेचा दिलासा मिळतो, पण त्याचा अपराधी कोण हे त्याला कधी कळत नाही, आणि शिकलेला ख्रिस्ती आपल्याच भावंडांवरच्या जुलमाविरुद्ध चावडीवर उभा राहत नाही. चोखोबांच्या कृष्णनिंदेच्या अभंगाला जो आक्षेप, तोच आंबेडकरांनी पुलपिटाला घेतला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी वेगळी वाट धरली आणि हिंगोलीसारख्या भागातल्या हजारो घरांनी ती वाट धरली. ख्रिस्ती मंडळी का वाढली नाही याची कारणे शोधताना मिशनचे अपुरे मनुष्यबळ पुढे केले जाते, हा प्रश्न पुढे केला जात नाही.

त्याचे उत्तर द्यायची संधी 1978 ला आली होती. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, आणि परभणी-नांदेड हा या हिंसेचा गाभ्याचा भाग. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे 4 ऑगस्टला जिवंत जाळले गेले. ते मातंग होते, आणि ‘जय भीम’ सोडायला तयार नव्हते म्हणून मारले गेले, अशी त्यांची आठवण चळवळीने जपली आहे. आपल्या विश्वासाचे नाव न टाकता मरण पत्करणाऱ्याला पहिल्या शतकातल्या मंडळीने जो शब्द वापरला असता तो मराठीत ‘हुतात्मा’ आहे, आणि मराठवाड्यातल्या चर्चना त्या वर्षी तो शब्द पुरेशा मोठ्याने उच्चारता आला नाही, ही बोच मनात ठेवूनच पुढचे वाचायला हवे. तीनच वर्षांनी, 1981 साली, अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येचा पाया घातला गेला. भारतीय ख्रिस्ती विचार तोवर ब्राह्मण धर्मांतरितांनी वेदान्ताशी केलेल्या संवादावर पोसला होता; निर्मल म्हणाले, आमचा विचार आमच्या वेदनेपासून सुरू होईल, आणि वधस्तंभावर टांगलेला ख्रिस्त हा स्वतः दलित आहे. आंबेडकरांच्या आक्षेपाला चर्चच्या आतून मिळालेले हे पहिले प्रामाणिक उत्तर.

त्या उत्तराचे काय झाले, हे आज विचारायला हवे. 2020 च्या ऑक्टोबरात स्टॅन स्वामी या त्र्याऐंशी वर्षांच्या जेझुइटाला रांचीत अटक करून तळोजा तुरुंगात आणले गेले. कंपवाताने पेला हातात धरता येत नाही म्हणून त्यांनी नळी मागितली आणि त्या साध्या मागणीवर तारखा पडल्या. 5 जुलै 2021 ला ते मुंबईत, कच्चे कैदी म्हणून, वारले; आरोप शाबीत होणे दूर, खटलाही सुरू झालेला नव्हता. त्यांच्या मरणावर देशभर प्रार्थनासभा झाल्या. पण त्यांच्याभोवतीचा विचार दोन टोकांना गेला: एका बाजूला त्यांना संत करून मखरात बसवण्याची घाई, दुसऱ्या बाजूला अशा गोष्टीत चर्चने पडू नये हा जुना शहाणपणा. दोन्ही भूमिकांत ज्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी ते वर्षानुवर्षे झगडले ते कैदी नजरेआड होतात.

हिंगोलीच्या अधिक जवळचा अन्याय कागदावरचा आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. 2022 साली सरन्यायाधीश राहिलेल्या के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला, आणि त्याची मुदत वाढत गेली. 2025 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरने दाखल केलेला ॲट्रॉसिटीचा गुन्हा रद्द केला, कारण ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या कायद्याचे संरक्षण उरत नाही. कायद्याने जात गेली. शिवी देणाऱ्याच्या तोंडातून, पाणवठ्यावरून, सोयरिकीतून गेली नाही. परिणाम असा की पुष्कळ घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा चालतो, आणि खरे बोलण्याची शिकवण देणारी मंडळी आपल्याच लेकरांना दाखल्याच्या खिडकीपाशी गप्प राहायला लावते. याविषयी पुलपिटावरून बहुतेक वेळा ऐकू येते ते धीर धरा, देव बघतो आहे. देव बघतो आहे हे खरेच. पण पेत्राचे पत्र गुलामांना लिहिले होते, ते दाखला देणाऱ्या कार्यालयाचे काम सोपे करण्यासाठी वाचून दाखवता येणार नाही.

शेजारच्या परभणीने अलीकडेच एक उदाहरण घालून दिले आहे. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली, आणि कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. सरकारने देऊ केलेली दहा लाखांची मदत त्याच्या आईने नाकारली: आधी कोणी मारले ते सांगा. त्या बाईने ईयोबाचे पुस्तक वाचले असण्याची गरज नाही. तिची मागणी त्या पुस्तकाच्या मधल्या पस्तीस अध्यायांची मागणी आहे. अन्यायाला नाव मिळण्याआधी सांत्वन स्वीकारले की सांत्वन करणाऱ्याचे काम उरकते आणि मेलेल्याचे काम राहून जाते, हे तिला कळले होते.

गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा उद्गार त्यागल्या गेलेल्याची आरोळी आहे, आणि ती ख्रिस्ताने बाविसाव्या स्तोत्रातून उचलली, म्हणजे अन्यायाने मरणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या तक्रारीत त्याने आपला आवाज मिसळला. ज्या धर्माच्या देवाने स्वतः तक्रार केली, त्या धर्मातल्या माणसाला तक्रार करताना अपराधी वाटू नये. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते, लग्नाची असते, दफनाची असते. काही जुन्या वह्या निजामाच्या काळापासून जपलेल्या आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे मोल माहीत आहे. जालना, परभणी, हिंगोली, नांदेडच्या मंडळ्यांनी या वह्यांच्या शेजारी आणखी एक वही ठेवावी. वेठीच्या, दुष्काळाच्या, 1978 च्या ज्या आठवणी ऐंशीपलीकडच्या माणसांजवळ उरल्या आहेत त्या त्यांच्याच शब्दांत त्यात उतरवाव्यात. दाखल्यासाठी धर्म लपवावा लागलेल्या मुलाची, गुन्हा नोंदवून न घेता ठाण्यातून परत पाठवलेल्या बाईची तारीख, गाव आणि तक्रार त्यात यावी, आणि बोलणाऱ्याने मागितल्याशिवाय पाळकाने त्यात एकही वचन लिहू नये. बालकृष्णन आयोगानंतरही आयोग येतील, आणि त्यांच्यापुढे ठेवायला एवढे तरी हाताशी असेल.